उणे चिन्ह गिळले जाण्याबाबत

मी तक्रार फार चांगली लिहितो. प्रत्येकाला कशाचा तरी माज असतो, माझा हा आहे. पाणीपुरवठ्याच्या कचेरीत आवक-जावकच्या टेबलावर नोकरी केली, म्हणजे उभं आयुष्य दुसऱ्यांच्या तक्रारी वाचण्यात गेलं. इतक्या वाईट तक्रारी वाचल्यावर आपल्याला चांगली लिहिता येत असणार, असा मी सोयीस्कर समज करून घेतला. निवृत्त झालो, हाताशी वेळ आला आणि गावावर संक्रांत आली. बस उशिरा आली, लिही. लिफ्ट दोन मजल्यांच्या मध्ये लटकली, लिही. समोरच्या रस्त्यावरचा दिवा भरदुपारी चालू राहायचा, त्यावर तर मी एकामागून एक पत्रं पाठवली. शेवटी वैतागून त्यांनी तो खांबासकट उपटून नेला. शेजारी बरेच दिवस माझ्याशी बोलत नव्हते, पण मी त्याला विजय समजत होतो.

बायको माझ्याहून बरीच लहान, त्यामुळे तिची नोकरी अजून चालू आहे. ती शाळेत गणित शिकवते. शेवटच्या, परीक्षेच्या वर्गाचं गणित वर्षानुवर्षं तिच्याकडेच, आणि त्या वर्गात तिचा जीव अडकलेला. तिच्या डोळ्यांच्या पडद्याला आजार आहे. एका दिवसात काही होत नाही, नजर हळूहळू झिजत जाते. डॉक्टरांनी आम्हाला घाबरवलं नाही आणि खोटी आशाही लावली नाही. घरात आम्ही या सगळ्याला 'हिला जरा कमी दिसतं' म्हणायचो. शाळेत तिने त्याहूनही कमी सांगितलं होतं: चष्म्याचा नंबर वाढलाय. खरं कळलं तर मोठ्या बाई, म्हणजे मुख्याध्यापिका, तिच्या भल्यासाठीच तिला ग्रंथालयात बसवतील आणि वर्ग दुसऱ्या कोणाला देतील, ही तिची भीती होती. पुढच्या वर्षीचे वर्ग ठरवण्याआधी मोठ्या बाई प्रत्येकाच्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसतात. हिच्या तासाला त्या महिनाअखेरीस यायच्या होत्या.

शाळेला पत्ता लागू न देण्याची तिची पद्धत अशी. लॅपटॉपमध्ये लिहिलेलं वाचून दाखवणारं एक सॉफ्टवेअर असतं, ते तिने लेकीकडून घालून घेतलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या तासाची सगळी उदाहरणं ती आदल्या संध्याकाळी त्या सॉफ्टवेअरकडून वाचून घ्यायची आणि चक्क पाठ करायची. वर्गात हातात पुस्तक धरायचं ते शोभेला. फळ्यावर मोठ्या अक्षरात सरसर लिहीत सुटायची. मुलांना वाटायचं बाईंचं गणित तोंडपाठ आहे, आणि ते अक्षरशः खरं होतं.

एक दिवस ती शाळेतून आली आणि चपला न काढताच खुर्चीत बसली. फळ्यावरचं उदाहरण चुकलं होतं. उत्तर जमेना, तेव्हा पुढच्या बाकावरच्या मुलीने सांगितलं की बाई, तिथे उणे सात आहे. मुलं हसली. हिने प्रसंग निभावून नेला, मुद्दाम चूक केली होती, कोण पकडतंय ते बघत होते, असं सांगितलं. पण ते सॉफ्टवेअर कधीकधी उणे चिन्ह गिळतं हे तिच्या लक्षात आलं, आणि पाठांतराच्या मुळाशीच खोट निघाल्यावर पुढच्या कुठल्याच उदाहरणावर तिचा भरवसा राहिला नाही. मोठ्या बाई मागच्या बाकावर बसलेल्या असताना हे झालं असतं तर सारवासारव चालली नसती.

"त्या लोकांना कळवायचं कुठे, तेवढं शोधून द्या," ती म्हणाली. "लिहीन मी."

यातलं पहिलं वाक्य मी नीट ऐकलं.

शोधल्यावर कळलं की हे सॉफ्टवेअर जगभरातली माणसं मिळून फुकट बनवतात, आणि त्यातल्या चुकांना, ज्यांना ते बग म्हणतात, एक वेबसाइटच वाहिलेली आहे. तिथे बग नोंदवायचा, त्याला क्रमांक मिळतो, मग त्यावर कोण काय म्हणालं, काय काम झालं हे सगळं एकाखाली एक दिसत राहतं. आमच्या भाषेपुरता वेगळा विभागही होता. मला गहिवरून आलं. क्रमांक, शेरे, सद्यःस्थिती. म्हणजे माझी कचेरीच, फक्त धूळ नाही. बायको ताट वाढेपर्यंत माझं अकाउंट तयार होतं.

रिपोर्टचा विषय मी लिहिला: 'अक्षम्य हलगर्जीपणामुळे एका शिक्षिकेवर ओढवलेल्या आपत्तीबाबत'. खाली मजकूर. 'माझी पत्नी दृष्टिहीनतेच्या गर्तेत लोटली जात असताना आपले सॉफ्टवेअर तिचा आधार होण्याऐवजी' अशी सुरुवात होती आणि तो परिच्छेद संपेपर्यंत वाचणाऱ्याला दोनदा श्वास घ्यावा लागला असता. ओघात आवाज फार किरटा आहे, लॅपटॉप तापतो आणि तारखा चुकीच्या वाचल्या जातात हेही घातलं. नोंदवताना शेजारच्या चौकोनात गांभीर्य विचारलं होतं, तिथे सगळ्यात वरचं निवडलं.

उत्तर दुसऱ्याच दिवशी आलं. पाठवणाऱ्याचं नाव नव्हतं, फक्त एका घुबडाचं चित्र होतं. घुबडाने लिहिलं होतं की त्रासाबद्दल वाईट वाटलं, पण सॉफ्टवेअरचं व्हर्जन कोणतं, कोणती फाइल उघडली, नेमकं काय केलं, काय व्हायला हवं होतं आणि प्रत्यक्षात काय झालं, हे कळवावं. शिवाय एका रिपोर्टमध्ये एकच बग लिहावा. आणि रिपोर्टसमोर शिक्का पडला होता: माहिती अपूर्ण.

माझ्या नाकाला मिरच्या झोंबल्या. 'माहिती अपूर्ण, अर्ज परत' हा शेरा मी स्वतः आयुष्यभर मारत आलो होतो, अगदी घरात पाण्याचा थेंब नसलेल्या माणसांनासुद्धा, आणि तो वाचताना कसं वाटतं हे मला आत्ता कळत होतं. यातून दुसरा कोणी शहाणा झाला असता. मी पत्र लिहिलं. एका रिपोर्टमध्ये एकच बग हवा ना, घ्या, म्हणून माझ्या मूळ मजकुराचे तुकडे पाडून डझनभर रिपोर्ट टाकले, सगळे अतितातडीचे. त्यातले बहुतेक घुबडाने 'आधीच नोंदलेले' म्हणून जुन्या रिपोर्टांना जोडून टाकले. लॅपटॉप तापण्याची तक्रार लॅपटॉपवाल्याकडे करा म्हणाला. उण्याचा रिपोर्ट तेवढा उघडा ठेवला, खाली पुन्हा तेच प्रश्न: काय केलं, काय झालं.

याचं उत्तर घरातच होतं. खुर्चीतून उठून बायकोला विचारायचं, की अगं, नक्की काय करतेस आणि नक्की काय ऐकू येतं. पण ती विचारायची, लागला का पत्ता, लिहू का मी, आणि मी म्हणायचो, तू नको त्रास घेऊस, मी हात धुऊन मागे लागलोय त्यांच्या. ती गप्प बसायची. त्या गप्पपणाला मी कृतज्ञता समजलो.

कचेरीत एकट्या अर्जाला कोणी विचारत नसे, पण सह्यांचं निवेदन आलं की साहेब खुर्चीतून उठत. तेव्हा मी सह्या गोळा करायला घेतल्या. रिपोर्टची लिंक मी लेकीला पाठवली, मेहुण्याला पाठवली, खालच्या मजल्यावरच्या शिंप्याला त्याच्याच फोनवर अकाउंट काढून दिलं. प्रत्येकाने खाली एक कॉमेंट टाकायची होती. मेहुण्याने 'जाहीर निषेध' लिहिलं. शिंप्याने 'काकांच्या मागणीला पाठिंबा' लिहून पुढे स्वतःच्या दुकानाच्या वेळा दिल्या. एकट्या लेकीने फोन करून विचारलं, बाबा, आईला माहीत आहे का हे? मी म्हटलं, काम झाल्यावर सांगू, तिला बरं वाटेल. आणि यादी भरदार दिसावी म्हणून मी ती लिंक बायकोच्या शाळेतल्या विज्ञानाच्या बाईंनाही पाठवली. दोघी रोज एकत्र डबा खातात, तेव्हा त्यांना सगळं ठाऊक असेलच, असं मी धरून चाललो.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी कौतुकाने वेबसाइट उघडली, तर रिपोर्टवर कुलूप होतं. त्याखाली घुबडाने लिहिलेलं मला अजून पाठ आहे: 'ही चर्चा थांबवत आहे. सह्यांनी बग सुटत नाही. तो कसा घडतो हे आम्हाला अजूनही कोणी सांगितलेलं नाही.' माझं अकाउंटही काही दिवसांसाठी बंद केलं होतं. त्याच्या वरची, कुलूप पडण्याआधीची शेवटची कॉमेंट विज्ञानाच्या बाईंची होती. बाईंना दिसत नाही हे वाचून डोळे भरून आले, आम्ही सगळे त्यांच्या पाठीशी आहोत, असं त्यांनी मनापासून लिहिलं होतं.

ते 'आम्ही सगळे' मी पुन्हा पुन्हा वाचलं. सगळे म्हणजे शिक्षकांची अख्खी खोली.

बायको त्या दिवशी वेळेआधीच घरी आली. चपला काढल्या, जागेवर ठेवल्या, हात धुतले, आणि मग माझ्यासमोर येऊन बसली.

"आज मला दोघींनी धरून जिना चढवला," ती म्हणाली. "शिक्षकांच्या खोलीत माझी खुर्ची ओढून दिली. डबा उघडून दिला. उद्या पहिल्या तासाला मोठ्या बाईंनी बोलावलंय. काय लिहिलंत तुम्ही तिथे?"

मी वाचून दाखवलं. अख्खं. मी लिहिलेला मजकूर मोठ्याने वाचायची पाळी माझ्यावर याआधी कधी आली नव्हती, आणि अर्ध्यातच मला माझ्या आवाजाची लाज वाटायला लागली.

"गर्तेत," एवढंच ती म्हणाली.

मी बाजू मांडायला लागलो. मला वाटलं विज्ञानाच्या बाईंना माहीत आहे. मला वाटलं ज्यांना लिंक दिली तेवढेच वाचतील, ती पुढे जाईल आणि कोणीही उघडून वाचेल हे मला सुचलं नव्हतं. मी तुझ्याचसाठी करत होतो. हे शेवटचं बोललो आणि तिने हात वर केला.

"माझे डोळे आहेत ते," ती म्हणाली. "कोणाला सांगायचं आणि कधी, हे मी ठरवणार होते. तेवढं एकच माझ्या हातात होतं."

ती ओरडली असती तर बरं झालं असतं. ओरडणाऱ्या माणसाला मी उत्तर देऊ शकतो, ते माझ्या नोकरीतच होतं. मला रडू येत होतं, आणि त्यातही ते तिला दिसू नये म्हणून मी तोंड फिरवत होतो.

थोड्या वेळाने तिने लॅपटॉप उघडला. वेबसाइटचं नाव विचारलं. मी सवयीने म्हणालो की मसुदा मी, आणि ती म्हणाली, तुम्ही तिकडे बसा. मी तिकडे बसलो. तिचं टायपिंग मी कधी नीट बघितलंच नव्हतं. नजर खिडकीकडे, बोटं न अडखळता चाललेली, आणि प्रत्येक कळीमागे सॉफ्टवेअर पुटपुटतंय. अकाउंट काढायला मला अख्खी संध्याकाळ लागली होती, तिचं माझा चहा संपायच्या आत झालं. मग तिने कुठलीशी फाइल पुन्हा पुन्हा उघडून ऐकली, थांबली, परत ऐकली. लिहून झाल्यावर तपासायला तिने सगळं वाचायला लावलं, आणि त्या किरट्या आवाजात मी ते ऐकलं.

'विषय: काही ठिकाणी उणे चिन्ह वाचलं जात नाही. काय केलं: सोबत जोडलेली प्रश्नसंचाची फाइल उघडून तिसऱ्या उदाहरणावर गेले. काय व्हायला हवं: क्ष उणे सात. काय होतं: क्ष, मग किंचित दम घेतं, मग सात. हाताने टाइप केलेल्या फाइलमध्ये असं होत नाही, या प्रकाशकाच्या फाइलमध्येच होतं. शेरा: मी अंध आहे. शाळेत गणित शिकवते. ऐकून पाठ करते आणि फळ्यावर लिहिते, त्यामुळे एक चिन्ह गेलं तर उदाहरण जातं.'

मी अंध आहे. आमच्या घरात हा शब्द कोणी उच्चारला नव्हता. मी 'गर्ता' लिहिली, 'दृष्टिहीनता' लिहिली, सगळे जड शब्द वापरले आणि हा तेवढा टाळला. तो पहिल्यांदा बोललं ते यंत्र, उद्याचं हवामान सांगावं तशा आवाजात. बायकोने एक कळ दाबून ते वाक्य पुन्हा एकदा वाचून घेतलं. चूक नाही याची खात्री केली आणि रिपोर्ट पाठवून दिला.

घुबडाचं उत्तर आम्ही जेवायला बसण्याआधी आलं. सॉफ्टवेअर तिथे दम घेतं हे कळल्यामुळे बग सापडला, असं त्याने लिहिलं होतं. प्रकाशकाने काही ठिकाणी उणे चिन्हाऐवजी वाक्यात वापरतात ती लांब आडवी रेघ टाकली होती, आणि रेघ दिसली की सॉफ्टवेअर वाक्यातल्यासारखं थांबायचं. दुरुस्ती एक-दोन दिवसांत चाचणीसाठी देतो. खाली एक ओळ होती, इतका स्वच्छ रिपोर्ट बऱ्याच दिवसांत आला नव्हता. अशा वेळीसुद्धा मला हेवा वाटला, हे सांगून टाकलेलं बरं.

सकाळी ती मोठ्या बाईंकडे गेली आणि त्यांनी विचारायच्या आत तिनेच सांगितलं. रिपोर्टसारखंच सांगितलं, असं नंतर म्हणाली: किती दिसतं, म्हणजे काय दिसत नाही, आजवर काय करत होते, यापुढे काय करायचं आहे. लॅपटॉप टेबलावर उघडा ठेवून, कानात इयरफोन लावून, ऐकत शिकवीन. मोठ्या बाईंनी हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही. ठरलेल्या दिवशी येऊन बघते, मग वर्गाचं ठरवू, एवढंच म्हणाल्या.

चाचणीचं व्हर्जन आलं. उणे सात ठणठणीत ऐकू यायला लागलं, पण शाळेचा फोन नंबरही ते उणे-उणे करत वाचायला लागलं. हिने तोही बग नोंदवला, वेगळा रिपोर्ट, चार ओळी. घुबडाने आभार मानले. त्या दिवसांत मी भाजी आणत होतो, कपडे वाळत घालत होतो आणि मूग गिळून बसलो होतो. माझं अकाउंट पुन्हा सुरू झाल्याचं कळलं, ते मी उघडलं नाही.

मोठ्या बाई तासाला बसणार त्या दिवशी मला घरी थांबवेना. शाळेपाशी येऊ का, विचारलं. गेटबाहेर उभे राहा हवं तर, ती म्हणाली, पण कोणाशी एक अक्षर बोलायचं नाही. कबूल, म्हटलं.

गेटसमोर उभा राहिलो. घंटा झाली, मुलं लोंढ्याने बाहेर आली. विज्ञानाच्या बाई दिसल्या, त्या बोलायला आल्या, मी ओठ आवळून नुसता हसलो. त्यांना वाटलं असेल की मी अजून कानकोंडा झालोय, आणि ते बरोबरच होतं. मग बायको दिसली. एकटी, खांद्याला लॅपटॉपची बॅग, एक हात कठड्यावर. चेहऱ्यावरून काही कळेना. वर्ग राहिला की गेला, मला वाचता येईना, आणि विचारायची तर बंदी.

मी हात वर केला. बस थांबवावी तसा हलवला. ती सरळ माझ्याच दिशेने येत होती, नजर माझ्यावर होती असं मला वाटलं. मी तोंडभर हसलो, हात आणखी जोरात हलवला. ती जवळ आली, अगदी हाताच्या अंतरावर, तिच्या बॅगेचा पट्टा माझ्या बाहीला घासला. आणि ती माझ्यापुढून निघून गेली.

आमच्या लग्नाला आयुष्य झालं. रोज सकाळी चहा देताना ती माझ्याकडे बघते. नवीन सदरा घातला की छान दिसतोय म्हणते. मी तिथे हात वर धरून उभा होतो आणि मला कळत होतं की गेले कित्येक महिने ती बघत नव्हती, बघण्याची जागा तेवढी पाठ होती तिला. मी रोज समोर बसून चहा पीत होतो आणि मला पत्ता नव्हता.

"अगं," मी म्हणालो.

ती थांबली. वळली, पण किंचित चुकीच्या बाजूला.

"मी इथे आहे."

"केव्हापासून?"

"तू पायऱ्या उतरलीस तेव्हापासून. हात करत होतो."

ती आवाजाच्या रोखाने माझ्याकडे आली, माझा दंड शोधला आणि घट्ट धरला.

"वर्ग राहिला," ती म्हणाली. "आणि हात कसले करता? बोलत जा ना. तेवढं एक तर येतं तुम्हाला."

आम्ही चालू लागलो.

"पुढे पायरी आहे," मी म्हणालो.